घुबडाच्या पोटावरचा खिसा

तीर्थरूप भावोजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कठडा सोडू नये, मागच्या खेपेला सोडला होतात. कानाचं यंत्र घालता की अजून डब्यातच आहे? अक्काचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहितात म्हणून मीही लिहितो. प्रत्यक्षात मला झोप नाही, जेवण जात नाही आणि चष्म्याच्या एका काचेवर डिंक वाळून बसला आहे, तेव्हा ओळी तिरक्या आल्या तर राग मानू नये. हे सगळं फोनवर सांगता आलं नसतं. फोन अक्का उचलते आणि आपल्याला ऐकू यावं म्हणून तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवते, म्हणजे मी आपल्याशी जे बोलणार ते आधी तिच्याशी बोलून होतं. म्हणून पत्र. हे आपण एकट्यानेच वाचावं. का, ते पुढे येईल. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही हे आपल्याला ठाऊकच आहे. (शाळेत निबंधाला गायीवर लिहायचं होतं तेव्हा माझा तास कुंपणातच संपला होता. पुढे शाळाही तशीच संपली.)

तर सूनबाईने घरात मुलांसाठी हस्तकलेचा वर्ग काढला आहे. वर्ग दर शनिवारी बाहेरच्या खोलीत भरतो. बाहेरच्या खोलीत माझी कॉट आहे, म्हणजे वर्ग माझ्याभोवती भरतो. गल्लीतल्या आया मुलांना दारात सोडतात आणि अशा सुटतात की मागे वळून बघत नाहीत. (यातच या कलेचं मोल कळतं. पोरांना काही येवो न येवो, आईला दुपार मोकळी मिळते.) मग पोरं सतरंजीवर बसतात आणि त्यांना अंड्यांचे ट्रे, आइस्क्रीमच्या काड्या, बाटल्यांची झाकणं आणि एक चकचकीत भुकटी वाटली जाते. ही भुकटी ज्याने शोधून काढली त्याच्या अंथरुणात ती रोज सांडावी, एवढीच माझी इच्छा आहे. ती चहात येते, उशीवर येते, टकलावर बसते. परवा डॉक्टरांनी माझ्या घशात बॅटरी मारली आणि मग स्वतःचा चष्मा पुसून पुन्हा मारली.

मी जन्मभर काचसामानाच्या कारखान्यात खोकी बांधली. माल आत, खोकं बाहेर, माल काढला की खोकं कचऱ्यात, इतकं ते सरळ होतं. इथे खोकं जपून ठेवतात. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या असतात आणि माझा टॉवेल ओलाच खुर्चीवर, कारण दोरीवर जागा नाही. घरात काही फेकायचं नाही हा पहिला नियम. पोरांनी जे बनवलं ते ओळखायचं नाही हा दुसरा. एका पोराला मी कौतुकाने म्हणालो, 'वा, छान बटाटा केलास.' ते त्याचे वडील होते. सूनबाईने मला आत बोलावून समज दिली, 'बाबा, काय आहे ते आपण सांगायचं नसतं. "याच्याबद्दल सांग ना मला" असं म्हणायचं.' तेव्हापासून मी तसं म्हणतो. मग पोरं सांगतात, सांगतच राहतात, आणि मी कॉटवर बसून पोरांच्या तोंडून कागदाच्या लगद्याची जन्मकथा ऐकतो.

वर्गापुरतं असतं तर भिंतीकडे तोंड करून मी सोसलं असतं. पण मग जाहीर झालं की या घरातून यापुढे कुणालाही विकतची भेट जाणार नाही. जे द्यायचं ते हाताने करून. 'विकतचं कुणीही देतं बाबा, हाताने केलेल्यात आपलं माणूस असतं,' असं सूनबाईचं म्हणणं. माझ्या वाढदिवसाला मला फोटोची चौकट मिळाली, चारी बाजूंनी बटणं चिकटवलेली. मी तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सदरा घालायला घेतला तर त्याला एकही बटण नाही. आपलं माणूस असतं म्हणतात ते हेच असावं. चिरंजीवांकडे तक्रार केली तर ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, 'तो सदरा तुम्ही घालतच नव्हतात.' अरे, ठेवणीतला होता म्हणून घालत नव्हतो! वरच्या मजल्यावरच्या वकिलांना जुन्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून केलेली मेणबत्ती गेली. तिच्यात वात घालायची राहून गेली होती, आणि वकीलसाहेब आठवडाभर तिने अंग धूत होते. त्यांच्याही घरात हे वारं शिरलं. त्यांनी उलट भेट म्हणून एक रंगवलेला दगड पाठवला. मी पाहताक्षणी ओळखला, आमच्याच फाटकाला लावलेला दगड होता. आता तो टेबलावर फुलपाखरू होऊन बसला आहे आणि फाटक वाऱ्याने धाडधाड आपटतं.

आता लोकरीकडे येतो. (इथून पुढे पत्र जरा खाली धरून वाचावं.) सूनबाईने फर्मान काढलं की पुढचा वर्ग लोकरीचा, तेव्हा घरातले जुने लोकरी कपडे बाहेर काढा. बोलताना तिची नजर माझ्या मफलरवर होती. कान उघडे राहिले की मला ताप भरतो हे आपण जाणताच. हा मफलर गेला तर मीही जाणार, तेव्हा माझ्यामागे कोण कोण रडेल याचा मी हिशेब करू लागलो आणि तो समाधानकारक येईना. मफलर वाचवायचा तर दुसरं काहीतरी पुढे करणं भाग होतं. ट्रंक उघडली. अगदी वरच अक्काने विणून पाठवलेला स्वेटर होता.

भावोजी, या विषयावर आपण दोघं कधी उघड बोललो नाही. पण ती आपल्यालाही विणून घालते, आणि मागच्या थंडीत आपण हात खिशात घालून का बसला होतात ते मी ओळखलं होतं. अक्का माप घेत नाही. 'तुझं माप माझ्या डोळ्यांत आहे,' म्हणते. कुठल्या इयत्तेतलं ते सांगत नाही. उजवी बाही मनगटाच्या अलीकडेच दम तोडते, डावी बोटांच्या पुढे जाऊन लोंबते, आणि गळ्यातून डोकं बाहेर येतं तेव्हा कान मागेच राहिलेले असतात. शिवाय टोचतो. बनियनवरून टोचतो, सदऱ्यावरून टोचतो, ट्रंकेतल्या बाकीच्या कपड्यांनासुद्धा टोचत असणार. त्यात एकच गोष्ट धड होती, ती म्हणजे खिसा. मी डावखुरा. जगातल्या झाडून सगळ्या शिंप्यांनी छातीचा खिसा डाव्या बाजूला ठेवला आहे, त्यामुळे चष्मा काढताना माझा हात आयुष्यभर वेडावाकडा होत आला. अक्काने, मी काही न सांगता, खिसा उजवीकडे विणला. वर झाकण, झाकणाला लाल बटण. बाकी तो स्वेटर मी एकदाही घातला नाही. फोनवर ती दर वेळी विचारते, 'स्वेटर घालतोस ना रे?' आणि मी म्हणतो, 'अंगातच आहे.' भर उन्हाळ्यातही एकदा म्हणून गेलो. त्यावर तिने फोन ठेवून दिला. आनंदाने ठेवला असं मी समजलो.

तर तो दिला. 'हा कुठला, बाबा?' सूनबाई म्हणाली. 'असाच, जुना.' मी कधी अंगात घातलाच नव्हता, त्यामुळे तिने तो पाहिलाही नव्हता. माझा विचार असा, की उसवतील, लोकरीचा गुंडा होईल, बाहुल्यांच्या डोक्यावर केस म्हणून चिकटेल आणि कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही. मफलर घट्ट करून मी भिंतीकडे वळलो.

वर्ग सुटल्यावर नात कॉटवर चढली. 'आजोबा, ओळखा!' मी शहाण्यासारखं म्हणालो, 'याच्याबद्दल सांग ना मला.' तर म्हणाली, 'असं काय करता? घुबड आहे, दिसत नाही?' दिसत होतं, भावोजी. उसवलं नव्हतं, कापलं होतं. आखूड बाहीचे दोन पंख, लांब बाहीत चिंध्या कोंबून केलेली शेपटी (इतकी शेपटी कुठल्याच घुबडाला नसते, पण ओळखायचं नाही हा नियम), आणि पोटावर, झाकण आणि लाल बटणासकट, उजव्या अंगाला तो खिसा. 'यात चिठ्ठी ठेवायची. अक्काआजीच्या वाढदिवसाला पाठवायचंय. मी एकटीने केलंय, आईने फक्त सुईत दोरा ओवला.'

मी म्हणालो, अक्काआजीला मांजरं आवडतात. 'मग पुढच्या वर्षी मांजर.' मी म्हणालो, इतकं छान झालंय की मीच ठेवतो. 'तुम्हाला चौकट मिळाली ना?' मी म्हणालो, हा खिसा तेवढा काढू या, पोट जाड दिसतं. त्यावर तिचा खालचा ओठ पुढे आला आणि आतून सूनबाईचा आवाज, 'बाबा, तिला तिच्या मनासारखं करू द्या.' करू दिलं. खरं सांगावं तर अक्काचा स्वेटर मी कात्रीखाली दिला हे घरभर होतं, आणि गप्प बसावं तर ते घुबड स्वतःच अक्काच्या घरी जाऊन सांगतं.

राखाडी लोकर कुठेही मिळते, तिची मला भीती नाही. पण असा खिसा जगात एकाच माणसासाठी झालेला आहे. आई गेल्यापासून माझ्या अंगावर जे काही उबेचं चढलं ते अक्काच्या हातचं. ती रागावली तर मला चालतं, मी त्यात वाढलो आहे. ती रागावत नाही तेव्हा माझा जीव जातो. मागे मी तिच्याकडे यायचं कबूल करून गेलो नाही, तेव्हा ती फोनवर नुसतं 'बरं' म्हणाली होती. तो 'बरं' अजून माझ्या कानात आहे, मफलर बांधूनसुद्धा. या वयात दुसरा मला झेपणार नाही.

असो. हाताने केलेल्या वस्तूंनी या घरात कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पत्रावर भुकटी दिसेल ती झटकून टाकावी, डोळ्यांत जाऊ देऊ नये. प्रकृतीला जपावं.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण लिहायचं राहिलं. खोकं आल्यावर अक्का आंघोळीला गेली की आपण ते उघडावं आणि दाढीच्या पात्याने घुबडाच्या पोटावरचा खिसा हलकेच उसवून बटणासकट नाहीसा करावा. खाली भोक पडलं तर वर काहीही चिकटवावं. हस्तकलेत सगळं खपतं.

ता. क. खोकं मी स्वतः बांधतो आहे. दुहेरी सुतळी, कारखान्याच्या गाठी. कात्रीशिवाय कुणाच्याने उघडणार नाही. आत्ता लक्षात आलं की आपल्या घरात कात्री अक्काच्या विणकामाच्या पिशवीत असते. ती आजच लपवावी.

ता. क. सूनबाई चिकटपट्टी घेऊन डोक्याशी उभी आहे. 'आतोबांना पत्र लिहिताय ना? मग वेगळं टाकायला कशाला जाता, खोकं चाललंच आहे.' मी म्हणालो, वेगळंच बरं. 'का? असं काय लिहिलंय?' मी म्हणालो, गुडघ्याची चौकशी. नातीने लाल बटण काढून खिसा उघडून धरला आहे. 'यातच घाला, आजोबा. त्याच्यासाठीच ठेवलाय.' तेव्हा खिसा नाहीसा करण्याची सूचना खिशातूनच येत आहे.

ता. क. अक्का, म्हणजे हे तूच वाचते आहेस. भावोजींना मोठ्याने वाचून दाखवत असशील तर मागचं सोडून इथून वाच, मागचं सगळं डिंकाने तिरकं झालं आहे. घुबड पोरीने एकटीने केलंय, त्याच्या शेपटीवर काही बोलू नकोस. मला काय बोलायचं ते बोल, फोनवर बोल, स्पीकरवर टाकून बोल, फक्त 'बरं' म्हणू नकोस. इकडे थंडी सुरू झाली आहे आणि मफलर सोडला तर माझ्या अंगावर लोकरीचं काही उरलेलं नाही. पत्रामागे खिशात एक दोरा सापडेल. तो माझ्या बाहीच्या लांबीचा आहे. एकच पाठवला आहे, कारण माझे दोन्ही हात सारखे आहेत. खिशाचं माप पाठवत नाही. ते तुझ्या डोळ्यांत आहे तेच बरोबर आहे.