काड्यापेटीतल्या नवव्या चकतीबाबत

मी खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण आठवी, काम संग्रहालयाच्या तळघरात जीवाश्म साफ करणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, तीनदा कच्चे लिहून मग पक्के करीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले, "नव्वदी गाठशील." अडचण तीच आहे.

१. खोली भाड्याची. पलंग आणि घड्याळ ताईला.

२. भावोजी रोज जेवताना विचारतात, "काय मास्तर, आज किती खडू झिजवला?" त्यांना माझा कामाचा कोट, न झटकता.

३. सुया, कुंचले आणि भिंग माझ्या जागी येईल त्याला. तळघराची कडी आतून अडकते. खांदा लावून उचलावी. खिडकीतून लोकांचे फक्त पाय दिसतात. सवय होते, असे मला सांगण्यात आले होते.

४. खणातली काड्यापेटी आमच्या संशोधक बाईंना, मी गेल्यावर. आत कापसात तांदळाएवढी एक चकती आहे.

खुलासा : क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या खडूच्या दगडातून मी जो तारामासा मोकळा केला, त्याची एकच भुजा शाबूत आहे. तिच्या काठाने तांदळाएवढ्या चकत्यांची ओळ असते, त्यातली नववी माझ्या सुईने उडाली. दोन दिवस जमीन चाळली. शेवटी त्याच दगडातल्या शिंपल्याची तशीच कोरून बसवली. बाईंनी भिंग लावले आणि ओरडल्याच, "अरे, नववीवर एकही खळगा नाही! बाकी सगळ्यांवर आहेत. नवी जात आहे ही!" मी तोंड उघडले. "गप्प, मोजू दे," म्हणाल्या.

आठवड्याने खरी चकती माझ्या बाहीच्या दुमडीत सापडली. तिच्यावर खळगे आहेत. अकरा.

सात महिने बाई वर्णन लिहीत आहेत. सोमवारी छापायला जाते. जातीला माझे नाव देणार आहेत. ताईने शेजारीपाजारी सांगूनही टाकले. बोललो तर नोकरी जाते आणि बाईंचे काम मातीत. नाही बोललो तर कधी नव्हताच असा प्राणी माझ्या नावाने कायमचा राहतो.

५. बाईंनी तेव्हा हवे तितके रागवावे.

साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते, असे वकिलांच्या कारकुनाने सांगितले. म्हणून वरचा भाग टिपकागदाने झाकला आहे. खाली सही करणाऱ्या या दोघांखेरीज इथे माझ्या ओळखीचे कोणी नाही.

स्थळ : तळघर. शुक्रवार, ता. १४, दुपारी सव्वातीन.
(सही)

साक्षीदार १ : पहारेकरी काका. मजकूर वाचला नाही. (सही)

साक्षीदार २ : न वाचता मी कशाखालीही सही करीत नाही, हे तुला एव्हाना कळायला हवे होते. सोमवारच्या आधी मधे अजून दोन दिवस आहेत. काड्यापेटी घेऊन वर ये. आत्ता, जिवंतपणी. — बाई