पगारात धरलेलं डिझेल

गुरुजी,

टक्, टकटक, टक्. तुमच्या बोटातली तांब्याची अंगठी टेबलावर वाजायची आणि तिच्या तालावर आम्ही कविता म्हणायचो. आज सकाळी नातू आंघोळीला बसला, बादलीवर त्याच्या हातातल्या कड्याचा तसाच आवाज आला, आणि मी वही घेऊन ओसरीत बसलो. डोणगावची आपली शाळा आता पक्की झाली आहे. ते टेबल कुठं गेलं कुणास ठाऊक. कविता अजून सगळ्या पाठ आहेत. उपयोगाचं मात्र काही येत नाही, हे तुमच्यापाशी सांगायला लाज वाटत नाही.

नातू ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला त्याला दीड वर्ष झालं. नव्या ड्रायव्हरचा पगार तो केवढा. पण डिझेल, टोल, वाटेतलं जेवणखाण, सगळ्याचे पैसे मालक त्याच्याच खात्यात टाकतो आणि ते रस्त्यातच संपतात. त्याला स्वतःची गाडी घ्यायची आहे. फायनान्सवाले म्हणाले, आधी इन्कम टॅक्सचं रिटर्न भर. तो मला म्हणाला, "आबा, मी ट्रक घेऊन लाईनीवर चाललो. बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याले वर्षाचा पगार लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय."

अक्षराचं नाव काढलं की मी आजही पाचवीतला होतो. पासबुक उघडलं, मालकाकडून आलेली एकेक रक्कम कोऱ्या कागदावर उतरवली, बेरीज केली आणि वर छान वळणदार अक्षरात लिहिलं, 'एकूण पगार'. डिझेल, टोल, सगळं त्यातच. मला कळत नव्हतं असं नाही, गुरुजी. मला ते दिसलंच नाही. भाजीच्या पाट्या वाहणाऱ्या आमच्या घरात एवढा मोठा आकडा, एवढंच दिसलं. कॉम्प्युटरवाला चष्मा वर करून म्हणाला, "आबा, नव्या ड्रायव्हरले एवढा पगार? कोनता मालक देते हो? मलेही धाडा त्याच्याकडं." मी हसलो. म्हणालो, "लांबच्या लाईनीवर असते तो. भर तू."

आता नोटीस आली आहे. त्या आकड्यावर कर मागितलाय, नातवाच्या कित्येक महिन्यांच्या खऱ्या पगाराएवढा. गाडी घ्यायची गोष्ट राहिली बाजूला. काल तो लाईनीवरून उतरला तसाच कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात शिरला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याची कॉलर धरली. "समजत नाही त काऊन बसला बे दुकान टाकून? डिझेल पगारात धरते का कोनी?" तो नुसता म्हणत राहिला, "मी माह्या मनानं काही नाही भरलं, भाऊ." त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी दोन दुकानं सोडून वांग्यांची पिशवी धरून उभा होतो, आणि मीही घेतलं नाही. आज सून सांगत होती, लोक म्हणतात, आता रिटर्न भरायला मेहकरलाच जाऊ, त्याच्याकडं नको.

तुम्हाला ते पत्र आठवतं? शाळेमागच्या काकूंना लिहिता येत नव्हतं म्हणून तुम्ही मला धाडलं होतं. त्यांनी सांगितलं, भावाला लिही, इकडं खुशाल, सवड झाली की येऊन जा. मला ते फार कोरडं वाटलं. मी माझ्या मनाचं घातलं, डोळे वाटेकडं लागलेत, आता भेट होते की नाही देव जाणे. तिसऱ्या दिवशी भाऊ साखरखेर्ड्याहून चार माणसं घेऊन रडतच आला, तर काकू दारात ज्वारी पाखडून राह्यल्या होत्या. तुम्ही विचारलं तेव्हा मी बाकावरच्या सोबत्याचं नाव सांगितलं, त्यानंच ते सुचवलं म्हणून. तुम्ही मारलं नाही. अंगठी एकदाच वाजली. "चूक तुझी आहे, तर तिच्यावर तुझंच नाव राहू दे. जा, काकूंच्या दारात जाऊन सांग." मी गेलो. काकूंनी ऐकून घेतलं, हसत सुटल्या आणि हातावर गूळ ठेवला. परत आलो तर तुम्ही तुमचा टाक मला दिलात. "आता जपून लिही." त्याची निब केव्हाच गंजली. पगाराचा तो कागद लिहिताना तो मी शेजारी ठेवला होता, शकुन म्हणून.

काकूंचं दार तेव्हा शंभर पावलांवर होतं. आता नातू मागच्या खोलीत झोपलाय, मधे नुसता पडदा. त्याला सांगायचं म्हणून दोनदा आत गेलो. पहिल्यांदा चहा देऊन आलो. दुसऱ्यांदा तोच म्हणाला, "आबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ. तुमची काय चूक?" मग पडदा नीट करून बाहेर आलो.

पायरीवर कुणी चपला काढून राह्यलं आहे. कॉम्प्युटरवाला. आमच्या दारात तो पुन्हा पाय ठेवेल असं वाटलं नव्हतं. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं आहे. म्हणतो, "आबा, उठवा नं त्याले. भांडाले नाही आलो. दुरुस्ती होते याची, फक्त खरा पगार किती अन् खर्चाचे किती, थे सांगा लागते." हातात घडी घातलेला कागद आहे. इथूनही माझं अक्षर ओळखू येतं.

मी त्याला बस म्हणालो, एवढी ओळ संपवून उठतो म्हणालो. ओळ केव्हाच संपली, गुरुजी. मी उगाच लिहून राह्यलो.