रांगेतली आई

साउथहॅम्प्टन, मार्च २००६

आई,

आपल्या बोल्टनच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. आता तिचा इतिहास छापतायत. मी परीक्षा न देता पळालेला, तरी मलाही आठवणी लिहून पाठव म्हणाले.

त्यात सगळे हेडमास्तर येतील. बावीस वर्षं पोरांना जेवण वाढणारी तू कुठे येणार?

रांगेत मी तुला ‘मिस’ म्हणायचो. आपलं नातं अख्ख्या शाळेला ठाऊक होतं, तरी मी म्हणायचो. तूही सगळ्या पोरांना म्हणायचीस तसंच ‘नेक्स्ट, लव्ह’ म्हणून मला बटाटा जास्त वाढायचीस. घरी एकदाही रागावली नाहीस.

काल गोदीवर बसून एकच ओळ लिहिली, पोस्टात टाकली: ‘कँटीनमध्ये वाढणाऱ्या विमल साळवे माझ्या आई.’

हे पत्र मात्र टाकत नाही. तू पुस्तकातच वाच.

तुझा,
सुजात