जिरेनियमला अकराचं पाणी

३ मार्च
अक्का जाऊन पन्नास दिवस. भावजींनी थंड डोंगरावरचं कुन्नूरचं घर सोडताना तिची कुंडी आणून दिली. दुकानातलं लाल जिरेनियम नव्हे. हे जमिनीलगत पसरतं, फुलं निळसर, थंडीत वरून मरतं आणि मुळीतून पुन्हा फुटतं. म्हणजे याला थंडी लागते. तंजावरात ती नाही.
विहिरीच्या कट्ट्यामागे, उत्तरेला ठेवलं. दु. २ ला मातीचं तापमान ३१.४. पानं १९.

९ मार्च
वाळलेली पानं काढली. अम्मा मागे उभी. "केस ओढल्यासारखं ओढू नको गं."
पानं १६. एक कळी होती, गळाली.

२२ मार्च
पानं ११. उन्हानं करपली असती तर कडा कुरकुरीत झाल्या असत्या. ही पिवळी आहेत, मऊ. माती ओली. मी तीन दिवसांआड पाणी घालते, तेही मोजून. भोक तपासलं, मोकळं आहे. ओलावा मोजायचं यंत्र बिघडलं असेल म्हणून पापनाशमला माझ्या कामाच्या माती-परीक्षण लॅबमध्ये नेऊन दुसऱ्याशी ताडून पाहिलं. यंत्र बरोबर आहे.
मग पाणी येतं कुठून?

२९ मार्च
भावजींचा फोन. "नाही जगलं तरी मनाला लावून घेऊ नका. तिकडचं झाड ते."
"बघते," म्हटलं.
मग आपणहून सांगत राहिले. पहिला बहर संपला की अक्का सगळी पानं बुडापासून कापून टाकायची. पहिल्या वर्षी ते ओरडले होते तिच्यावर. तीन आठवड्यांत सगळं हिरवं. "म्हणायची, याचा जीव खाली असतो."
  

१४ एप्रिल
पुत्तांडाची, तमिळ नववर्षाची सुट्टी. कडुनिंबाची फुलं घातलेली आंब्याची पच्चडी. जेवायला केळीची पानं दोनच वाढली, अम्माचं आणि माझं. एरवी सणाला अक्का-भावजींचीही असायची.
अकराला अम्मा तांदूळ धुतलेलं पाणी तांब्यात घेऊन मागे गेली. मी खिडकीत होते. अख्खा तांब्या कुंडीत.
बाहेर गेले. "रोज घालतेस?"
"रोजच की. तू आफिसात असतेस. अकराला भूक लागायची तुझ्या अक्काला. शाळेतनं पळून यायची, ठाऊक नाही तुला?" मग माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे बघून, "तू ताप बघ. मी जेवण घालते."
अम्मा दुपारी झोपल्यावर झाड उपसलं. मुळी अर्ध्याहून जास्त काळी, बोटानं दबते. ब्लेड स्पिरिटनं पुसून कुजलेलं कापलं. अंगठ्याएवढा घट्ट तुकडा उरला, पानं ४. नवी माती, अर्धी वाळू.
अम्माला सांगितलं नाही.

१५ एप्रिल
सांगायला गेले. "अम्मा, ते पाणी—"
"कमी पडतं का?"
"नाही."
एवढंच झालं.

१८ एप्रिल
सांगणं जमणार नसेल तर रचना बदलायची. मोठी मातीची कुंडी, तिच्यात झाडाची लहान, मधे चार बोटं वाळू. लहानीला आतून रंग दिला, म्हणजे पाणी मुळीपर्यंत झिरपणार नाही. वाळू ओली राहिली की पाणी उडताना आतली माती गार होते. रोज एक तांब्या लागेल.
अम्माला म्हटलं, "जेवण इथं घालायचं. वाळूत."
"वाळूत? उपाशी मारतेस होय तिला?"
"गारवा आत जातो. अक्काला उकाडा सोसायचा नाही ना."
हे बोलायचं ठरवलं नव्हतं. अम्मानं कुंडीभोवती हळूहळू, गोल फिरवत पाणी ओतलं.
दु. २: शेजारच्या तुळशीची माती ३३.८, हिची २९.१.

२६ एप्रिल
वाळूला आंबूस वास. तांदळाच्या धुवणाचा गाळ साचतो. दर आठवड्याला वाळू धुवायची. पानं २.

५ मे
अग्निनक्षत्र लागलं, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक दिवस. बाहेर ३९. पानं ०.
अम्मा ओरडली, "पानं कुठं गेली?"
"मीच कापली. अक्का कापायची तशी. तीन आठवड्यांत येतील."
तिनं मान डोलावली. खोटं बोलले, हे देवनागरीत लिहिते आहे. ही अक्षरं अक्कानं शिकवली मला. अम्मा मराठी बोलते, पण तिला फक्त तमिळ वाचता येतं.

१७ मे
काही नाही. रोज सकाळी गाडीला निघण्याआधी बघते. एकदा हिरवं दिसलं. शेवाळ होतं.

२६ मे
तीन आठवडे झाले. ३१ ही शेवटची तारीख ठरवते. तोवर कोंब नाही आला तर माती वाफ्यात, कुंडी रिकामी. लॅबमधले नमुनेसुद्धा मुदतीनंतर टाकतोच.

३१ मे
घरी होते. अकराला अम्मा तांब्या घेऊन आली, पण ओतलं नाही. "जिवंत आहे का गं?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.
"माती अठ्ठावीस पॉइंट सहा. बाहेर सदतीस."
"ते नाही विचारलं मी."
"माहीत नाही, अम्मा."
ती कट्ट्यावर बसली. "पानं तू कापली नव्हतीस. एकेक गळाली. मी वेचली आहेत. देवाच्या फळीवर आहेत, डबीत."
 विचारलं, "मग रोज घालतेस कशाला?"
"अकरा वाजतात की."
उठून तिनं वाळूत पाणी ओतलं, गोल फिरवत. मी थर्मामीटर धरून होते. पाच मिनिटांत २८.२.
मुळी उकरून बघणं दोन मिनिटांचं काम. उकरली नाही. वाळू रविवारी धुवायची आहे.