जास्तीचं पॉलिमर

मंगळवार, ५ तारीख

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस, म्हणून यापुढे पत्रच, हा तुझा हुकूम मान्य. पत्रात ओरडायला गेलं की पेनाचं टोक मोडतं, हे कालच कळलं.

कॉलेज सोडून मी काय दिवे लावले असं बाबा विचारत असतील, तर सांग, प्रयोगशाळेत लावतोय. काम समजून घे. पेशीच्या आवरणात काही प्रोटीनं रुतून बसलेली असतात. आवरण स्निग्ध, तिथून ओढून नुसत्या पाण्यात आणली की त्यांचा गोळा होतो. म्हणून पॉलिमर घालायचं. ते प्रोटीनाभोवती पट्ट्यासारखं बसतं आणि आवरणाच्या चकतीसकट त्याला अलगद कापून आणतं. पण कमी पडू नये म्हणून घालतात भरपूर. जे उरतं ते द्रावणात बिनकामाच्या पाहुण्यासारखं हिंडतं, प्रत्येक मोजणीत नाक खुपसतं. त्याला बाहेर काढणं ही माझी नोकरी.

त्यासाठी सच्छिद्र मण्यांनी भरलेली काचेची नळी आहे. चकत्या मोठ्या, त्या मण्यांना वळसा घालून आधी बाहेर पडतात. मोकळं पॉलिमर लहान. ते प्रत्येक मण्यात डोकावत, रमतगमत मागून येतं. थेंब थेंब! माझ्यासारख्याला ही शिक्षाच.

आता खरी गोष्ट. जिच्या हाताखाली मी आहे ती संशोधिका. शीतखोलीतून बाहेर येते तेव्हा तिचं नाक लाल झालेलं असतं आणि माझं डोकं ठिकाणावर नसतं. तिला परगावच्या मोठ्या मायक्रोस्कोपवर नमुना न्यायचाय, तिथे नंबर वर्षातून एकदाच लागतो. द्रावण स्वच्छ झालं तर मदतीला तुलाच नेईन म्हणाली. दिवसभराचा गाडीचा प्रवास! गाडीतच विचारणार. ठरलं.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, माझ्या उतावळेपणाला पुरून उरेल एवढा असू द्यावा.

तुझा,
बंब

शनिवार, ९ तारीख

चि. बंबास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझे भावोजी म्हणाले की प्रोटीन काही कळलं नाही, पण लाल नाक नीट कळलं. बाबा सगळ्यांना सांगतात, मुलगा संशोधनात आहे. तू नळीखाली बाटल्या धरून बसतोस हे मी बोलले नाही. पण प्राध्यापकांशी हुज्जत घालून वर्गातून उठलास तो परत फिरकलाच नाहीस, हे त्यांच्या मनातून गेलेलं नाही. इथे तरी कुणाच्या अंगावर धावून जाऊ नकोस रे बाबा.

आणि धावत्या गाडीत मागणी घालू नये. नाही म्हणायचं तर समोरच्याला उतरताही येत नाही. ग्रंथालयातल्या त्या मुलीच्या वेळी तू रोज पुस्तकांचा गठ्ठा नेत होतास. ती तुला अभ्यासू समजली आणि तू तिला निष्ठुर. तेव्हा जास्तीचं पॉलिमर कोण होतं, ते तूच ओळख.

जेवत जा. कागद संपला, माया नाही.

तुझी,
ताई

गुरुवार, १४ तारीख

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

घात झाला. बेसिनमध्ये पॉलिमर ओतलं की आमच्या नळाच्या जड पाण्यात ते फाटलेल्या दुधासारखं होऊन खाली बसतं. पाण्यातल्या क्षारांची करामत. मला वाटलं, मग नळीखाली तपश्चर्या कशाला? ती जेवायला गेली होती. मी नमुन्यात क्षार टाकला. पॉलिमर झक्क खाली बसलं. मी टेबलाभोवती एक गिरकीही घेतली. मग पाहतो तर वर नुसतं पाणी! प्रोटीनाभोवतीचे पट्टे तरी कशाचे? पॉलिमरचेच. उनाडाबरोबर कामावरचंही गेलं आणि प्रोटीनाचा लगदा तळाला.

ती आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही. फ्रीजमधून दुसरी कुपी काढली आणि म्हणाली की अर्धा नमुना बाजूला ठेवायची या कामात रीतच आहे. इथे माझं डोकं फिरलं. म्हणालो की म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वासच नव्हता! ताई, नमुना मीच नासवला आणि रुसलोही मीच. तिने विचारलं, रुसून झालं असेल तर सोमवारी नळी लावशील का.

आता एवढाच अर्धा उरलाय. हाही गेला तर तिचं वर्ष बुडालं, आणि मला कोण नेतंय! लोभ या आठवड्यात जरा जास्तच लागेल.

तुझा,
गार पडलेला बंब

शनिवार, १६ तारीख

चि. बंबास,
अ. उ. आ.

नमुना नासवूनही रुसलास, हे मी तुझ्या भावोजींना दोनदा वाचून दाखवलं. त्यांना ठसका लागला.

पण खुळ्या, शेवटची कुपी तिने तुझ्याच हातात दिली, हे तुझ्या ध्यानात आलं का? नळीला घाई करू नकोस. नळी काही प्राध्यापक नाही, तिच्याशी भांडून तुला उठून जाता यायचं नाही.

मनात आहेसच.

ताई

सोमवार, २५ तारीख

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बसलो. नळीला हात लावला नाही, शिवी दिली ती मनातल्या मनात. चकत्या उतरल्या, पॉलिमर यायला लागलं तिथे धरणं थांबवलं. तिने तपासलं आणि प्रवासाची पिशवी माझ्याकडे सरकवली.

गाडीत मी विचारलं नाही. तुझं ऐकलं म्हणून नव्हे. नमुन्याचा डबा मांडीवर होता आणि बर्फ टिकतोय का ते बघण्यात माझा सगळा जीव. मग तिथे पडद्यावर चित्र आलं. करड्या रंगात गोल गोल चकत्या, प्रत्येकीच्या पोटात एकेक प्रोटीन, आणि मधे काही नाही. ती चकत्यांकडे बघत होती, मी त्या रिकाम्या जागांकडे. ताई, त्या मी केल्या होत्या! जातानाही आणि येतानाही मागणीची आठवणसुद्धा झाली नाही.

आठवण झाली ती परत आल्यावर, प्रयोगशाळेच्या दारात. भाषण तोंडपाठ होतं. घसा खाकरला, कान तापले, आणि तोंडून निघालं की पुढची नळी भरायचीही मीच का. ती हो म्हणाली. वर म्हणाली की हे तू कधी विचारतोस याचीच वाट बघत होते.

याला होकार म्हणायचं की नाही, ते भावोजींना विचारून कळव. मी तोवर मणी धुवायला घेतलेत. लोभ करत राहा.

तुझा,
बंब