ड्रायव्हरकाकांची डावी बाजू

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज नवीन पेशंट — आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली! एकतीस वर्षं बस चालवलेले गृहस्थ. दीड महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. बायको व्हीलचेअर ढकलत घेऊन आली. मी नेहमीसारखं विचारलं, "काका, डाव्या हाताला हात लावू का?" तर म्हणाले, "लावा नाहीतर उपटून फेका. माझा थोडाच राहिलाय तो!" काकूंचा चेहरा एवढासा झाला.

मग माझा ठेवणीतला प्रश्न. कुठे दुखतं ते नाही — काय करायचंय तुम्हाला? उत्तर काकूंनी दिलं. "यांचं यांना उठता यावं. कपडे घालता यावेत. कपभर चहा करता यावा. दोन महिन्यांत होईल ना?"

दोन महिन्यांत! म्हटलं, बघू.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पायाचा अंगठा हलला. मी पाहिला, काकांनी पाहिला. काकूंनी पर्समधून चष्मा काढेपर्यंत थांबलाही!

११ फेब्रुवारी, बुधवार

आज युक्ती सुचली. म्हटलं, "काका, डावा पाय म्हणजे क्लच. समोर चढ आहे, मागे चाळीस माणसं बसलीत. दाबा." दाबला! घामाघूम झाले, पण माझ्या तळहातावर पक्का दाब लागला. वर मलाच सुनावलं — "बाई, चढावर इतका वेळ क्लच दाबून धरत नाहीत. प्लेट जळते." मी हसले. तेही हसले. तोंड अजून जरा वाकडं होतं, पण हसणं सरळ होतं.

घरी लेकीने भाजी नीट चिरली म्हणून बोलून गेले, "छान! अजून पाच वेळा." ती म्हणाली, "आई, मी पेशंट नाहीये!"

१५ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. पण काल काकांची आवळलेली मूठ सोडवताना ताईंची आठवण आली, ती मनातून जाईना.

अकरा वर्षांची होते. उकळत्या पाण्याचं पातेलं उचलायला गेले आणि उजवा तळवा भाजला. जखम भरली, पण कातडी आखडली आणि बोटं आत वळायला लागली. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत व्यायाम करून घेणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी सात महिने रोज माझी बोटं एकेक करून उघडली. मी किंचाळायचे. एकदा तर चक्क चावले त्यांना! त्या काय करायच्या — आधी स्वतःचे हात कोमट पाण्यात धरायच्या, गार लागू नयेत म्हणून. मग सांगायच्या, "आता दुखणार आहे. दहा आकडे मोजेपर्यंत. तू थांब म्हणालीस की मी थांबेन." आणि खरंच थांबायच्या. "काही दुखत नाही हं," असलं खोटं त्या कधी बोलल्या नाहीत.

कॉलेजात स्नायूंची नावं शिकले, नसांचे नकाशे पाठ केले. पण माणसाच्या अंगाला हात कसा लावायचा ते त्या खोलीत शिकले. ताईंची बदली झाली आणि मी साधं थँक्यूही म्हटलं नाही. आज हे लिहितेय त्याच हाताने. पाचही बोटं पूर्ण उघडतात. ताई, तुमचे उपकार रोज वापरते मी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काकूंवर चिडले. चिडायला नको होतं.

काका दोन दांड्यांमध्ये धरून उभे राहायला लागलेत. कौतुकाची गोष्ट! पण काकूंचं आपलं एकच — बटणं कधी लावतील, गॅस कधी पेटवतील, एकटे कधी राहू शकतील. शेवटी म्हटलं, "काकू, घाई केली म्हणून नसा ऐकत नाहीत." मनात तर भलतंच आलं. कंटाळल्या वाटतं सेवा करून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काका व्यायामाच्या सायकलवर पाय मारत होते. काकू माझ्या टेबलाशी आल्या, पाठ त्यांच्याकडे करून बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या पोटात गाठ आहे. पसरलीय. डॉक्टर पाच-सहा महिने म्हणतात. यांना माहीत नाही. सांगू नका हं, आधीच निम्मे झालेत. माझ्यामागे यांना कपभर चहासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये — एवढंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्यांना हसवलंत. मला झटक्यानंतर एकदाही ते जमलं नव्हतं."

पलीकडून काका ओरडले, "काय कट चाललाय दोघींचा?"

२ मार्च, सोमवार

शर्टाची चार बटणं. दोन्ही हातांनी! अठरा मिनिटं लागली. एक चुकीच्या काजात गेलं, तर काका म्हणाले, "हातही लावायचा नाही कुणी." काकू बाहेर जाऊन डोळे पुसून आल्या.

९ मार्च, सोमवार

काठी घेऊन आठ पावलं. खिडकीपर्यंत. खाली बस थांबली होती, ती वाकडी लावली म्हणून तिच्या ड्रायव्हरला इथूनच झापलं!

काकू अगदी वाळल्यात. काकांसमोर मात्र पदर सावरून टवटवीत बसतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. पण या खोलीत मला रोज यायला मिळतं, अशी माणसं बघायला मिळतात — आणखी काय हवं?

१३ मार्च, शुक्रवार

काकू औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. काका म्हणाले, "बाई, पलंगावरच्या माणसाला उठवून कसं बसवतात? कूस कशी बदलतात?"

म्हटलं, "काका, तुम्ही आता स्वतःचे स्वतः उठता की!"

"माझं नाही हो. तिचं. जानेवारीतच तिची हॉस्पिटलची फाइल वाचली मी. मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका. तिला तेवढाच आधार आहे."

मी दार लावलं. गादीवर आडवी झाले. म्हटलं — उठवा मला.