मँडोलिनच्या तारा आणि माझा रियाज

२ मार्च, सोमवार
सासऱ्यांनी त्यांचं मँडोलिन मला देऊन टाकलं. बोटं आखडतात, तारा दाबल्या जात नाहीत म्हणाले. रविवारी ते जेवायला येतील तेव्हा जावईबापूंनी एखादी धून ऐकवावी, एवढीच इच्छा. मी लगेच हो म्हणालो. कॉलेजात गिटारवाल्याच्या रूमवर पडीक असायचो, त्यामुळे बेसिक तयार आहे. संकल्प: रोज एक तास रियाज.

३ मार्च
रियाज थोडक्यात आटोपला. बोटांना चरे पडले. दोष माझा नाही, दांडीवरच्या पडद्यांपासून तारा फार उंच आहेत. आधी उंची सेट करणार, मग रियाज. बायको म्हणाली, बाबा जन्मभर याच उंचीवर वाजवत होते. तिला टेक्निकल गोष्टींत गती नाही.

४ मार्च, संध्याकाळ
तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, तिला दोन बारीक चाकं आहेत. फिरवली की तारा वर-खाली होतात. फिरेनात. म्हणून सगळ्या तारा एकदम काढल्या, तर घोडीच टपकन खाली पडली! कारखानेवाले चिकटवायलाच विसरले. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, मी लगेच पकडलं. उद्या गोंद आणणे.

५ मार्च
गोंद आणला. बायकोने बाबांना फोन लावला. घोडी चिकटवायची नसतेच म्हणे, तारांच्या दाबाने जागेवर राहते. बायकोने गोंद कपाटात कुलूपबंद केला. या घरात संशोधनाला वाव नाही. घोडी अंदाजाने बसवून तारा पुन्हा चढवल्या. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

६ मार्च
तारा सैल करून चाकं फिरवली, पार तळाला टेकली तरी बोटं दुखतातच. घोडीचा तळ सँडपेपरने घासला. जरा जास्तच घासला गेला. तारा आता पडद्यांवर जवळजवळ झोपल्यात. छेडलं की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. बहुधा हवामान.

७ मार्च
रियाज नाही. खरखरीत वाद्यावर रियाज म्हणजे कानाला वाईट सवय. उद्या थेट परफॉर्मन्स. बायको म्हणाली, बाबा फोनवर आठवडाभर उद्याचंच बोलतायत. रात्री जेवलो नाही. ॲसिडिटी.

८ मार्च, रविवार
जेवणं झाली. वाजवण्याआधी मी तारांच्या उंचीचं शास्त्र समजावून सांगायला घेतलं. ऐकता ऐकता सासऱ्यांनी मँडोलिन मांडीवर ओढलं, घोडी बोटाने किंचित सरकवली, सूर लावले आणि अगदी हलकेच छेडलं. खरखर नाही! तारा एवढ्या खाली आल्यात की त्यांची आखडलेली बोटंही त्या दाबू शकली. चहा गार झाला तरी ते वाजवतच होते. बायको रडली. मलाही भरून आलं.

हे सगळं मुद्दाम बाबांसाठीच सेट केलं होतं, असं मी दोनदा सांगितलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

जाताना ते मँडोलिन घेऊनच गेले. मी लिफ्टचं दार बंद होईपर्यंत उभा होतो. माझी धून राहिली, हे कुणाला आठवलंच नाही.